चार किलो कमी

ऑफिसर ट्रेनिंगच्या शेवटच्या सत्रात माझ्या रूममेटने मला चार किलोंना फसवलं आणि माझ्या आईला दोन ताऱ्यांना.

तो शहरातल्या सप्तापूरचा, प्राध्यापकाचा मुलगा. मी कलघटगीच्या आठवडी बाजारात आईच्या तागडीशेजारी, कांद्याच्या पोत्यावर वाढलेला. अकादमीत एकच खोली मिळाली तेव्हा पहिल्याच दिवशी मी सौदा ठरवला: दोघांचे बूट मी चमकवायचे, दोघांचे इंग्रजी निबंध त्याने लिहायचे. माझ्या बाजूने सौदा शेवटपर्यंत चोख होता.

घाणीचं मला काही वाटत नव्हतं. सकाळच्या तपासणीत चादरीला सुरकुती दिसू नये म्हणून आम्ही फरशीवर झोपायचो. शिक्षा म्हणून गटाराच्या पाण्यात कोलांट्या, मग कानात चिखल तसाच ठेवून चार मिनिटांत जेवण. फोड फुटून पायमोजा कातडीला चिकटायचा, तो सोलताना सडलेल्या कांद्यासारखा वास यायचा. त्याची किळस कधी आली नाही. माणसाची आली.

शेवटची मोठी परीक्षा तीस किलोमीटरच्या मार्चची. पाठीवर सगळ्यांना एकसारखी पिशवी, तिच्यात ठरलेल्या वजनाची वाळू, हातात रायफल. निघताना आणि पोचल्यावर प्रत्येकाची पिशवी काट्याला लागते. कमी भरली तर सहा महिने मागच्या तुकडीत. पास झालं की परेड, आणि परेडनंतर आईवडील मुलाच्या खांद्यावर तारे लावतात. मला वडील नाहीत. आईने जन्मात पहिल्यांदा रेल्वेचं आरक्षण केलं होतं. कांदे तोलताना प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, "त्या आठवड्यात मी बसणार नाही बघ."

पंचविसाव्या किलोमीटरला तो लंगडत माझ्याजवळ आला.

"यप्पा! अण्णा, पट्टा खांदा कापतोय रे. जरा पिशवी बदल की. शेवटच्या वळणावर परत घेतो."

बदलली. पाठीवर टाकताक्षणी मला कळलं. पोरवयापासून हातावर वजन तोललेला माणूस मी. चार किलो कमी. कुठल्याशा झुडपाआड त्याने आतली वाळू सांडली होती. मी बोललो नाही, हे कबूल करतो. टाचा सोलल्या होत्या, हलकं बरं वाटलं. आणि परत घेण्याचा शब्द त्याने दिला होता.

शेवटच्या वळणावर त्याचा लंगडा पाय एकाएकी बरा झाला. माझी पिशवी घेऊन तो पुढे पळाला. मी हाका मारल्या, पठ्ठ्याने वळूनही पाहिलं नाही.

काट्यावर त्याच्या पाठीवरची पिशवी बरोबर भरली. माझ्या पाठीवरची चार किलो कमी. आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दुकानदारी यहाँ भी, साहब?"

ही पिशवी त्याची आहे, त्यालाच विचारा, असं मी ओरडलो. उस्तादाने विचारलं. तो पाणी पीत होता. बाटलीचं झाकण नीट फिरवून लावलं आणि म्हणाला, "मुझे नहीं पता, उस्ताद."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो, तेही माझ्याच नावावर चढलं. त्याचे तारे त्याच्या आईने लावले. माझ्या आईला मी कळवलं, पाय दुखावलाय, सहा महिने थांब. त्या सहा महिन्यांत ती बाजारातल्या चिखलात पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. माझे तारे एका अनोळखी मेजरच्या बायकोने लावले. बाई चांगली होती, पण तारा उलटा लावत होती.

मुदतीची नोकरी संपवून मी हुबळीत स्वतःची कांद्याची अडत उभी केली. विसरलो असतो कदाचित. पण गेल्या महिन्यात नवनगरला एका लग्नात हा भेटला. भर पंगतीत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हा आमचा अण्णा! तागडीवाल्या बाईचा मुलगा. फौजेतही वजनात मारायला गेला आणि सापडला!"

पंगत हसली. आई माझ्या शेजारीच काठी धरून बसली होती. तिने हातातला घास ताटात परत ठेवला. गाडीत मला विचारलं, "खरं काय रे? पाय दुखावला म्हणाला होतास."

मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली. पण चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला एक कांदा कमी न घातलेली बाई, तिला पोराचं एकदाचं खोटं सापडलंय. आता सांगितलेलं खरं मानावं की नाही, ते ती अजून तोलतेय.

म्हणून आता तुलाच सांगतो, सप्तापूरच्या साहेबा. माझी माफी मागू नकोस. कलघटगीला ये, माझ्या आईसमोर जमिनीवर बस आणि तुझ्या तोंडाने सांग, ती वाळू कुणी सांडली?