एक विषय बाकी

गावाच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला, तेव्हा मी नगरच्या होस्टेलवर बॅग भरत होते. शेवटचा पेपर आदल्याच दिवशी संपला होता. चुलतभावाने मोबाईलवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "ताई, तू फाट्यावर."

फोटो मोठा करून बघितला. निळ्या ढगांवर माझं मुंडकं होतं. मुंडकंच म्हणते, कारण मानेखालचं काहीच माझं नव्हतं. चेहरा मावसबहिणीच्या हळदीतला, गालावरची हळद तशीच. अंगात कुणाचा तरी काळा झगा, डोक्यावर पदवीदानाची चौकोनी टोपी, तीही एका कानावर कललेली. वर ठळक अक्षरात लिहिलेलं, "हार्दिक अभिनंदन! गावातील पहिली सायन्स पदवीधर कन्या." आणि तळाला शुभेच्छुकांचे बावीस फोटो. त्यातल्या निदान नऊ जणांनी तीन वर्षांपूर्वी आमच्या ओट्यावर बसून, आमचाच चहा पिऊन, पोरीला नगरला ठेवू नका म्हणून माझ्या वडिलांना समजावलं होतं. आता तेच हात जोडून हसत होते.

मी आधी पोट धरून हसले. मग आठवलं, निकाल लागायला अजून दीड महिना होता.

हा उद्योग आप्पांचा. आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. टेम्पो चालवतात, कांदा मार्केटला नेतात आणि गावात कुणाचा वाढदिवस असो की कुणाची निवड, फ्लेक्स त्यांच्याच हातून लागतो. मी लगेच फोन केला.

"आप्पा, अहो निकाल कुठे लागलाय अजून?"

"लागंल की. पेपर दिलं ना समदं?"

"दिले."

"मंग झालं की! फुडचं त्यांचं काम."

आमच्या घरातून कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिलीच. आप्पांच्या लेखी शिक्षण उसासारखं होतं. लावला, वाढवला, तोडून कारखान्यावर घातला की आपण मोकळे. पेपर देणं आणि पास होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. मीसुद्धा नाही.

तशी मी तरी कुठे शहाणी होते? नेवासा फाट्यावरून आत आमचं गाव. तिथून बारावी करून नगरला आले, तेव्हा पहिला महिनाभर प्राध्यापक वर्गात आले की मी एकटी उठून उभी राहायची आणि "नमस्ते सर" म्हणायची, तेही शाळेतल्या लांबलचक सुरात. पोरं डेस्कवर डोकं ठेवून हसायची. दिवाळीला घरी जाऊन परत यायचंच नाही, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

टिकले ती रविवारच्या वर्गामुळे. कॉलेजच्या मागे बंद पडलेल्या छापखान्याच्या खोलीत तो भरायचा. ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही आणि ज्यांच्या घरी ऐपतही नाही, अशाच मुलांना तिथे घेत. फॉर्म भरायला बसवत, दाखले गोळा करायला लावत, होस्टेलसाठी खटपट करत. शिवाय प्रत्येकाला एक मोठं माणूस नेमून देत. पदवी हातात पडेपर्यंत त्या माणसाने त्या पोराची पाठ सोडायची नाही, एवढाच तिथला नियम.

माझ्या वाट्याला बाई आल्या. निवृत्त केमिस्ट्रीच्या शिक्षिका, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. दर दुसऱ्या शनिवारी त्या माझ्या आईला फोन करायच्या. सुरुवातीला आईला वाटे, पोरीने काहीतरी केलंय म्हणून तक्रार आलीय. ती भाकरीचं पीठ हाताला तसंच ठेवून घाबऱ्या घाबऱ्या "काय झालं वं बाई?" विचारायची. पुढे दोघींचं असं जमलं की मला ताप आलेला बाईंना आईकडून कळायचा.

"प्रवेश मिळवून देणारे पुष्कळ आहेत," बाई म्हणायच्या. "मला पोर दुसऱ्या दाराने, पदवी घेऊन, बाहेर पडताना बघायचंय."

निकाल लागला, तेव्हा मी त्या दारातच अडकले होते. सगळे विषय सुटले, फिजिकल केमिस्ट्री राहिली. चार मार्कांनी.

मी बाईंच्या घरी गेले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडले. विषय राहिला याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख फाट्यावर वाऱ्यात फडफडत होतं. दिवाळीच्या सुमाराला पुन्हा परीक्षा देता येणार होती. पण तोवर त्या फ्लेक्सखालून जायचं कसं? मी म्हटलं, "बाई, मी परीक्षा नाही देणार. इथेच कुठेतरी दुकानात काम बघते. गावाला वाटू दे पदवीधर झाले म्हणून."

बाई पोहे परतत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"तीन वर्षं मी तुझ्या आईला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "हजेरी सांगितली, प्रॅक्टिकल सांगितलं, कुठली भाजी डोळ्यांना चांगली ते सांगितलं. निकाल म्हणजे काय, ते मात्र सांगायचं राहिलं. ही चूक माझी. आता तू घरी जा आणि ती निस्तर." मग ताटलीत पोहे वाढून म्हणाल्या, "खाऊन जा."

दुसऱ्या दिवशी एसटीने फाट्यावर उतरले. फ्लेक्सकडे बघितलं नाही. आई कांद्याच्या रोपात खुरपत होती. मी बांधावरूनच सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता.

"म्हंजी नापास?" आईने विचारलं.

"एका विषयात."

"बाकीच्यात?"

"बाकी सगळ्यांत पास."

आईने खुरपं मातीत रोवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मंग भाकर तव्यावर हाय म्हन की. करपली न्हाई ना? मंग रडतीस कशापायी?"

एवढंच. तीन वर्षांत मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते, आणि तेही चिखलात बसलेल्या आईने सांगितलं.

आप्पांचं मात्र तोंड उतरलं. ओट्यावर बसून ते दोन्ही हातांनी डोकं खाजवत राहिले. "लई वंगाळ झालं. मला काय ठावं, मधी आजून निकाल आस्तो."

"उतरवा तो," मी म्हटलं.

"उतरवून काय सांगू लोकांला? आप्पानं खोटं लावलं म्हून?" ते एकदम उठले. "पन खोटं कुठं हाय त्यात? आर्धं हाय फकस्त." आणि टेम्पो काढून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाट्यावर गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. फ्लेक्स तिथेच होता. त्याच्यावर, माझ्या हळदीच्या गालाखाली, एक पिवळीधमक पट्टी चिकटवली होती. लाल अक्षरांत लिहिलं होतं, "एक विषय बाकी आहे. तोही लवकरच सुटेल. शुभेच्छुक खालीलप्रमाणे."

मी घरी येऊन आप्पांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझी जीभ तशी आजीवर गेलीय म्हणतात. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असं बरंच काही झालं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आणि मग गंमत झाली. ज्या गोष्टीला मी मरणाची भीत होते, तीच सगळ्यांना ठाऊक झाल्यावर तिच्यात काही उरलंच नाही. पिठाच्या गिरणीवर बाया विचारायच्या, "ऱ्हायलेला इषय कवा हाय गं?" एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणायचा, "ताई, पुस्तक उघडा, नगर यायला तास हाय." शुभेच्छुकांपैकी एकाने तर मला चौकात अडवून दम भरला, "माझा फोटू हाय त्याच्यात. आब्रू घालवू नको." नापास झाल्याची लाज वाटायला गावाने मला सवडच दिली नाही. फिजिकल केमिस्ट्री हा सबंध गावाचा विषय झाला.

एक दिवस गिरणीवर गावातली एक सून माझ्याजवळ सरकली. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाली, "ताई, माझं बीएचं दोन इषय ऱ्हायलेत, लग्नाच्या आधीचं. आजून देता येत्यात का?" तिची मार्कशीट सहा वर्षं साडीच्या घडीत होती. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. घरी बाजाराला जाते म्हणून सांगून, हातात पिशवी घेऊन ती निघाली आणि मी तिला रविवारच्या वर्गात घेऊन गेले. बाईंनी मार्कशीट वाचली, चष्मा पुसला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी पिशवी घेऊन येणार, की वही?" ती वही घेऊन आली.

मी दिवाळीत फराळाला हात न लावता अभ्यास केला, असं म्हटलं तर आई हसेल. भरपूर चकल्या खाल्ल्या आणि अभ्यासही केला. रोज फोनवर बाईंना एक गणित सोडवून दाखवायचं, चुकलं की त्या फोनमधूनच टेबलावर हात आपटायच्या. परीक्षा दिली. संक्रांतीच्या आठवड्यात निकाल लागला. सुटला. आईला तर सांगायच्या आधीच कळलं, कारण बाईंनी मला कळवण्याआधी तिला फोन केला होता. मला फार, फार आनंद झाला. आईच्या गळ्यात पडून मी पुन्हा रडले, आणि या वेळी तिने कशापायी म्हणून विचारलं नाही.

आप्पा शिडी घेऊन फाट्यावर गेले. एव्हाना फ्लेक्सचा एक कोपरा फाटला होता आणि पावसाने माझी टोपी पांढरी पडली होती. मी खाली शिडी धरून उभी. आप्पांनी पट्टी अगदी हळू, न फाडता सोलून काढली. पण ते उतरेनात.

"आप्पा, उतरा की."

"उतरतो." तरी वरच. मग फ्लेक्सकडेच बघत म्हणाले, "माझं बी ऱ्हायलंय."

"काय?"

"दहावी. विंग्रजी. सा मार्कांनी गेल्तं. घरी सांगितलं पास झालो. तवा काय मोबाईल हुता व्हय कुनाला बघाया?"

मी शिडी घट्ट धरली. म्हणजे मधे निकाल असतो हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, ओट्यावरचं "मला काय ठावं" हे सोंग होतं. अख्ख्या गावाच्या लेखी आप्पा दहावी पास होते. शाळेच्या समितीवर होते. माझ्या वडिलांना, "शिकू दे तिला, मी शिकलोय, मला ठावं हाय," असं ओट्यावरच्या त्या नऊ जणांसमोर एकट्याने सांगणारेही तेच होते. त्यांच्या त्या एका खोट्यावर मी नगरला गेले होते.

"आता सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागेल," मी खालून म्हटलं. शाळेत न जाता परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म. "पण सगळेच विषय परत द्यावे लागतील."

"समदं?" आप्पा घाबरले. "मंग पट्टी लई लांब लागंल गं." आणि शिडीवरच हसू लागले. शिडी सांभाळता सांभाळता माझी पुरेवाट झाली.

याला दोन वर्षं झाली. फ्लेक्स आता आमच्या शेरडांच्या गोठ्यावर आहे, माझं तोंड खाली करून, म्हणजे शेळ्यांना दिवसभर पदवीधर दिसते. गावची ती सून गेल्या वर्षी बीए झाली, आणि तिच्या नवऱ्याने पेढे वाटले. मी नगरच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये काम करते. रविवारी वर्गावर जाते, मलाही दोन पोरी नेमून दिल्यात. पालकांच्या पहिल्या बैठकीत मी सगळ्यात आधी निकाल म्हणजे काय ते सांगते.

आप्पाही वर्गात यायचे, टेम्पो बाहेर लावून. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पोरापोरींत शेवटच्या बाकावर. बाई आत आल्या की एकटेच उठून उभे राहायचे आणि "नमस्ते बाई" म्हणायचे, शाळेतल्या लांबलचक सुरात. कुणी हसलं की मी डोळे वटारायची.

गेल्या महिन्यात त्यांचा शेवटचा पेपर झाला. केंद्राबाहेर चुलतभाऊ मोबाईल नाचवत उभा होता. त्यावर फ्लेक्सचं डिझाईन तयार होतं, मिशांवर चौकोनी टोपी घातलेले आप्पा. आप्पा असे काही ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली, "निकाल लागू द्या रं आधी!"

मग टेम्पोत बसले, चावी लावली, पण फिरवली नाही. समोरच बघत हळूच विचारलं, "ती पट्टी ठिवलीस का गं?"

"हाय, आप्पा," मी म्हटलं. "तुमचं पेपर चालू झालं, तवाच वर्गाच्या दाराला लावलीया."