लिफ्टचं भुयार

यात्रा देवावर आखत नाहीत, संडासांवर आखतात, असं वहिनी म्हणायची. पहिल्या ख्रिस्ती लोकांची ठिकाणं बघायला निघालेली बस म्हणजे चाकांवरची गुडघेदुखी. कुठल्या पडक्या चर्चपाशी टेकायला बाक आहे, कुठे नळ आहे, हे ती आधी स्वतः जाऊन बघून यायची, आणि तेही चपलेत खडा ठेवून. दुखऱ्या पायानं चालल्याशिवाय म्हाताऱ्यांची वाट कळत नाही, असा तिचा हट्ट.

नवरा गेल्यावर ती धाकट्या दिराच्या यात्रा कंपनीत बसू लागली. दीर वहिनी म्हणायचा, म्हणून शिपायापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली.

यंदाच्या यात्रेला सासूही निघाली होती. तिचं मागणं एकच. ज्या भुयारात ते पहिले लोक आपली माणसं पुरायचे आणि प्रार्थना करायचे, तिथे गुडघे टेकायचे आणि गेलेल्या थोरल्या मुलासाठी, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यासाठी, दोन शब्द बोलायचे. वहिनीनं तिथल्या राखणदाराचं डोकं खाऊन मागचा उताराचा दरवाजा उघडायला लावला होता. म्हातारी हात धरून सहज उतरली असती.

एका दुपारी ऑफिसात फोन आला. कुठल्याशा रिसॉर्टचा मॅनेजर बोलत होता.

"मॅडम, तुमच्या ग्रुपसाठी आमचं भुयार बुक आहे. त्यात कवट्या ठेवायच्या का? प्लास्टरच्या आहेत, पण अगदी खऱ्या वाटतात. मागच्या ग्रुपमधल्या बायका तर रडल्या."

वहिनीनं फोन ठेवला आणि ती तशीच दिराच्या केबिनमध्ये घुसली. दीर काडीनं दात कोरत बसला होता.

"खऱ्या भुयारात अर्धा दिवस वाया जातो, वहिनी," तो म्हणाला. "इथे लिफ्ट आहे, एसी आहे, शेजारी दुकान आहे."

"आणि लोकांना काय सांगणार?"

"हेच ते भुयार. कोण खोदून बघतंय?"

"भाऊजी, त्या बसमध्ये आई आहेत!"

"आईला काय कळतंय? डोळ्यांत पाणी आलं की झालं." काडीला काय लागलंय ते त्यानं नीट बघितलं आणि ती पुन्हा तोंडात घातली.

घरचा माणूस म्हणून तिनं आजवर याच्या लबाड्या पोटात घातल्या होत्या. नळाचं पाणी पवित्र पाणी म्हणून विकलं, तेव्हाही ती गप्प बसली होती. आता मात्र तिला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःच्या गप्प बसण्याची.

घरी जाऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. सासू बटाटे सोलत होती, तिचा हात थांबला नाही.

"हावरट आहे तो, मला का माहीत नाही? पण माझ्याशी असं नाही करायचा," ती म्हणाली.

रात्री जेवताना तिनं धाकट्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, त्या भुयारात मला उतरता येईल ना?"

"अगं आई, लिफ्ट आहे!"

"त्या लोकांनी केली होती लिफ्ट?"

"नंतर बसवली. तुझ्यासारख्यांसाठीच."

"म्हणजे जिथे ते आपली माणसं पुरायचे, तेच ना हे?"

"तेच गं."

"दादाची शपथ?"

वहिनीचा घास हातातच राहिला. तो नुसता अडखळला असता, तरी तिनं बाकीचं सगळं माफ केलं असतं.

"दादाची शपथ," तो म्हणाला आणि बोटं चाटली. "मीठ दे जरा."

सासूनं मीठ पुढे सरकवलं. तो हात धुवायला उठला, तेव्हा ती सुनेकडे वळली.

"आपण दोघीच जाऊ गं, खऱ्या भुयारात," ती म्हणाली. "आता मला गेलेल्या दोन मुलांसाठी प्रार्थना करायची आहे."