धावजी कोणाचा?

उमरखेडकडच्या बंजारा तांड्यांत वंशावळी गाणारा धावजी ढाडी यायचा, तेव्हा आधी सारंगी ऐकू यायची आणि मग माणूस दिसायचा. लग्न असो की बारसं, ओट्यावर मांडी घालून तो घरमालकाच्या एकवीस पिढ्या एका दमात म्हणायचा. आजोबाच्या पलीकडचं काही ठाऊक नसलेल्या माणसाचीही मान ताठ व्हायची. वर धावजीचा तोरा असा, की या साऱ्यांना जणू त्यानंच जन्माला घातलंय.

त्याच्या घराण्याचा एक नेम होता. नावं कागदावर उतरवायची नाहीत; ती बापाच्या तोंडून मुलाच्या कानात जायची. लेकीच्या कानात तर मुळीच नाही, कारण लेक परक्या घरी जाते. लहानगी बबिता दाराआड ऐकायला बसली, की सारंगी थांबायची. "जाय, पानी आन," धावजी म्हणायचा. मुलगा इंद्रजीत मात्र नाशिकला कारखान्यात लागला आणि म्हणाला, "बा, नावं म्हणून पोट भरते काय?" धावजी असा रुसला, की पुढं त्यानं दुसऱ्या कुणालाच शिकवलं नाही. शुद्ध आडमुठेपणा, दुसरा शब्द नाही.

नवरा वारल्यावर बबिता माहेरी आली. उमरखेडात एका घरी रविवारी प्रार्थनासभा भरायची. तिथं जाता जाता ती ख्रिस्ताची झाली. धावजी महिनाभर तिच्याशी बोलला नाही. मग एका दुपारी ती बायबलातली येशूची वंशावळ मोठ्यानं वाचत होती. चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन फेऱ्या. म्हातारा सरकत सरकत जवळ आला.

"कोन ढाडी होता यांचा? दमाचा दिसते."

बबिताला हसू फुटलं. "बा, देवानं अब्राहामाले शब्द देल्ला होता, तुह्या वंशातून साऱ्या जगाचं भलं करीन. पुढं काही चांगले निंगाले, काही पार नालायक. काहींचं तं नावाबिगर काहीच माहीत नाई. पन देवानं शब्द सोडला नाई."

"अन् ह्या बाया काहून घेतल्या मधातच?"

"तामार, राहाब, रूथ. त्याबी देवाच्याच हिशोबात होत्या."

 त्या दिवसापासून रोज दुपारी धावजी तिला ती वंशावळ वाचायला लावू लागला. ऐकवता ऐकवता बबिताला ती तोंडपाठ झाली.

गेल्या हिवाळ्यात तांड्यातल्या नेमसिंगच्या नातवाचं बारसं होतं. धावजीनं सारंगी लावली, सूर धरला आणि पाचव्या नावावर अडला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा पाचव्यावरच.  शेवटी नेमसिंग म्हणाला, "राहू द्या बाबा, च्या घ्या." धावजीनं सारंगी खाली ठेवली. मागं बायकांत बसलेल्या बबिताला बापाकडं बघवेना.

यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही विसराळू होत जाण्याची बिमारी आहे, गेलेलं परत येणार नाही. घरी आल्यावर धावजीनं स्वतःहून वही मागितली. जन्मभराचा नेम त्यानं त्या दिवशी मोडला. "लिही पोरी, सारं लिही," तो म्हणाला. बबितानं पेन उघडलं. त्यानं दोन नावं सांगितली, डोळे मिटले आणि तीच दोन नावं पुन्हा सांगितली. आठ दिवस रोज हेच झालं. एवढ्या घरांची नावं जपलेला माणूस आणि त्याच्या वहीचं पहिलं पानसुद्धा भरलं नाही.

परवा दुपारी बाजेवर बसल्या बसल्या त्यानं तिला न्याहाळलं. "तू कोनाची वं?"

बबिता त्याच्याजवळ सरकली. "धावजीची."

"धावजी कोनाचा?"

"हामजीचा."

"हामजी कोनाचा?"

 अब्राहामापासून येशूपर्यंत सगळी नावं तिच्या जिभेवर होती आणि स्वतःच्या पणजोबाचं नाव ठाऊक नव्हतं. तिला पाणी आणायला पिटाळणारा बाप आता तिच्याकडूनच उत्तर मागत होता. काहीतरी म्हणावं म्हणून तिनं सुरुवात केली, "अब्राहामाचा इसहाक, इसहाकाचा याकोब..."

धावजीनं मान डोलावून ऐकून घेतलं. "लोक चांगले हायेत. पन हे आपले नाईत. आपले कुठं गेले?"

"देवाजवळ हायेत, बा. तो कोनालेच विसरत नाई."

"मंग त्याले इचार ना."

बबितानं डोळे मिटले आणि खरंच विचारलं. शेजारी धावजी कान देऊन पुढच्या नावाची वाट बघत बसला.