शेवटच्या पंगतीची भाजी

"साखर किती?"

"अडतीस," सिस्टर म्हणाल्या.

"तीनशे अडतीस?"

"नाही हो मॅडम. नुसती अडतीस."

माझ्या हातातली पेशंटच्या जेवणाची यादी हातातच राहिली. खाटेवर हिराकाकू होत्या. नवी हिरवी साडी, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा, आणि अंग घामाने निथळत होतं. मला बघून त्या म्हणाल्या, "ये गं, जेवून जा." आपण हॉस्पिटलात आहोत हे त्यांना कळतच नव्हतं. सलाइनमधून ग्लुकोज सुरू झालं होतं.

गणपतीचा पहिला दिवस होता, दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. मी तेव्हा भिवंडीतल्या एका लहानशा हॉस्पिटलात डाएटिशियन होते. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट असेल. डाएटिशियन म्हणजे "जेवू न देणारी बाई" अशी तिथे माझी ख्याती होती. सणासुदीला तर पेशंट मला जिन्यात बघून परत फिरायचे.

पण हिराकाकू माझ्या लाडक्या पेशंट. शेलार गावच्या. घरची शेती होती, त्यातली निम्मी आता गोडाउनखाली गेलेली. त्यांचे यजमान दामूशेठ म्हणजे गावातलं वजनदार माणूस, आवाजानेही आणि अंगानेही. काकूंना बारा वर्षांचा डायबेटिस आणि वर्षभरापासून इन्सुलिन. गणपतीच्या पंधरा दिवस आधी त्या ओपीडीत आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, देवाच्या दिवसान मना काय खाऊ ते लिवून दे. गोडाचं सोड, भाजीचं सांग."

असं कोणी विचारलं की मला कोण आनंद होतो म्हणून सांगू! मी कॉम्प्युटरवर अख्खा चार्ट टाइप केला. 'सणाच्या भाज्या'. भिजवलेली चणाडाळ घालून पडवळ. तव्यावर चमचाभर तेलात परतलेली कंटोळी. जिरं-मिरचीवर लाल माठ. गूळ न घालता, चिंचेवर केलेलं अळूचं फदफदं. अळूवडी वाफवलेली, तळायची नाही. मोड आलेल्या वालांचं बिरडं, पण नारळ निम्मा. काकडीची कोशिंबीर दह्यातली. भाजीतला चोथा पोटात आधी गेला की मागून येणारी भाताची साखर रक्तात सावकाश उतरते. एवढंच त्यातलं शास्त्र. नैवेद्याला चालावं म्हणून कांदा-लसूणसुद्धा टाळला होता. स्वतःवर मी इतकी खूश होते की तो चार्ट लॅमिनेट करून दिला.

आणि आता त्याच काकू समोर अशा पडल्या होत्या.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी आधी काकूंचे डोळे बघितले, मग माझ्याकडे.

"काय हो, काय लिहून दिलं होतं तुम्ही यांना?"

"भाज्या, सर."

"नुसत्या भाज्या?"

"नाही सर, भात पण आहे. एक मूद. भाकरी अर्धी."

"मग साखर गेली कुठे?"

खरंच, गेली कुठे? काकूंच्या सुनेला, मनीषाला, मी बाहेर बाकावर बसवलं. बिचारीच्या हाताला अजून पीठ होतं.

"मनीषा, भाज्या केल्या होत्यास?"

"सगळ्या केल्या मॅडम. तुमचा कागद ओट्यावर चिकटवलाय. पावण्यांना पण लय आवडल्या. कंटोळी तर पयल्या दोन पंगतींत संपली."

"आणि आईंनी काय खाल्लं?"

मनीषाने हातावरचं पीठ खरवडायला घेतलं.

"खाल्लं काय त्यांनी?"

"जेवल्याच न्हायत अजून," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. काकूंनी सकाळी आठला इन्सुलिन टोचून घेतलं, नेहमीसारखं. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही, म्हणून नाश्ता नाही. भटजी गावातली घरं करत करत दीडला पोचले. नैवेद्य झाला. मग पंगती. आधी पोरं, मग पुरुष, मग पाहुणे, मग पाहुण्यांच्या बाया, आणि शेवटी घरच्या. काकू वाढत होत्या. तिसऱ्या पंगतीला वाढता वाढता पातेल्यासकट खाली बसल्या.

इन्सुलिनचं काम साधं असतं. जेवणातून आलेली साखर रक्तातून उचलायची आणि शरीराला कामाला द्यायची. पण जेवणच आलं नाही तर ते काही वाट बघत बसत नाही. रक्तात आहे तीच साखर उचलत सुटतं. याला आम्ही हायपो म्हणतो. वाढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षं पोखरते, पण उतरलेली तासाभरात उचलून नेऊ शकते. काकूंच्या जिवावरचं थोडक्यात चुकलं होतं.

मी माझा चार्ट पुन्हा वाचला. पदार्थ बरोबर. प्रमाण बरोबर. आणि वेळेच्या रकान्यात 'दुपारचे जेवण - १२.३०'. ते आम्ही सगळ्यांनाच लिहायचो, डोळे झाकून. हिराकाकू उभ्या जन्मात सणाच्या दिवशी कधी साडेबाराला जेवल्या होत्या का? हे मी विचारलंच नव्हतं. काय शिजवायचं ते मी चमच्याच्या मापाने सांगितलं होतं. ती भाजी काकूंच्या पानापर्यंत पोचणार कशी, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी काही परदेशातून आलेली नव्हते. कल्याणला माझ्या आईच्या घरी तरी वेगळं काय चालायचं? लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी काकू उठून बसल्या. डॉक्टर राउंडला आले.

"तीन दिवसांनी गौरी जेवणार," काकू म्हणाल्या. "मना घरी सोडा."

"सोडतो. पण पुन्हा असं झालं तर मी सलाइन लावायच्या आधीच गाडी पुढे गेलेली असेल. कळतंय ना, काय म्हणतोय?"

"कलतंय."

गौरीच्या दिवसापुरतं त्यांनी सकाळचं इन्सुलिन पुढे ढकललं. नैवेद्याच्या अर्धा तास आधी टोचायचं आणि नैवेद्य झाला की लगेच जेवायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सुईचं मी बघितलं. पानाचं तुम्ही बघा. त्या जेवल्या नाहीत तर मी तुम्हाला विचारणार."

झालं! मी खाटेजवळ स्टूल ओढलं.

"काकू, गौरीला नैवेद्य दाखवला की पहिल्या पंगतीला तुम्ही बसायचं."

"मी?" त्या हसल्याच. "पावने उपाशी आनि घरची बाय जेवाला बसली? लोका तोंडान शेन घालतील."

"बरं, मग मनीषा तुमच्यासाठी भाज्या बाजूला काढून ठेवेल. नैवेद्य झाला की आत बसून खा."

मनीषा पटकन म्हणाली, "काढून ठेवलेली मॅडम, त्या दिवशी पण. वाटीभर कंटोळी ताटाखाली झाकून ठेवलेली. आईंनी ती उशिरा आलेल्या पावण्याला वाढली."

"तो पडघ्यावरून आलता," काकू म्हणाल्या. "उन्हातानाचा."

मला रागच आला. त्या बाईला आपण उपाशी आहोत हे आठवतच नव्हतं. सवयच गेली होती.

दामूशेठ दाराशी उभे होते. एरवी वॉर्डात त्यांचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू यायचा. त्या दिवशी टोपी हातात धरून नुसते उभे.

मला एकदम एक गोष्ट सुचली. मी विचारलं, "काकू, गौरीपुढे जे ताट दाखवता, ते नंतर कोण जेवतं?"

"हे," त्यांनी नजरेनेच शेठ दाखवले. "घरच्या कर्त्याचा मान असतो."

"त्या ताटात काय काय असतं?"

त्या बोटांवर मोजायला लागल्या. भाताची छोटी मूद, वर वरण. डाव्या हाताला कोशिंबीर. उजवीकडे सगळ्या भाज्या, थोड्या थोड्या. वाटीत चमचाभर खीर. मी ऐकत राहिले. मूठभर भात आणि ताटभर भाज्या! माझा लॅमिनेट केलेला चार्ट यांच्या गौरीच्या ताटात कधीपासून वाढून ठेवलेला होता. आणि ते ताट सगळ्यात आधी वाढलं जायचं, पहिल्या वाफेचं, कुठलीही भाजी संपायच्या आत.

मी फक्त शेठकडे बघितलं. त्यांनी खाली बघितलं आणि टोपी डोक्यावर घातली.

"बघू," ते म्हणाले आणि निघून गेले.

'बघू' म्हणजे आपल्याकडे काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी काही आशा धरली नाही. पण गौरीच्या दिवशी मला घरी बसवेना. साखर मोजायचं मशीन पिशवीत टाकलं, रिक्षा केली आणि साडेअकराला शेलारला पोचले. घरात माणूसच माणूस. चुलीवर आणि गॅसवर मोठाली पातेली. नातेवाइकांना मी कोण ते कळेना. कोणीतरी मला बँकेवाली समजून सरबत दिलं.

पावणेबाराला मनीषाने काकूंना इन्सुलिन दिलं. मी घड्याळ बघितलं. आता अर्धा तास.

सव्वाबाराला आरती झाली. काकूंनी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले. मग ताट उचलून नेहमीसारखं शेठच्या पाटासमोर आणून ठेवलं. ओसरीवर पहिली पंगत मांडली होती, पोरं केव्हाची बसली होती. काकू वाढायला वळल्या.

"हिरा," शेठ म्हणाले.

मनीषाने नंतर मला सांगितलं, तिने सासऱ्यांच्या तोंडून ते नाव तोवर कधी ऐकलंच नव्हतं. त्या घरात 'अगो' आणि 'ऐकलं का' एवढ्यावरच भागायचं.

शेठ पाटावरून उठले. "बस हितं."

"हितं? मी?" काकूंनी आजूबाजूला बघितलं. सगळे बघत होते. "तुमचा मान हाय तो."

"माझा हाय ना? मंग मी देतो ज्याला द्याचा त्याला."

"लोका काय म्हनतील?"

"म्हनू दे. परवा तुला गारीत घालून नेली तवा कुनी काय म्हनलं न्हाय." त्यांचा आवाज फाटला. "तू गेलीस तं या घरान गवरी कोन बसवल गं?"

मग शेठची म्हातारी आत्या काठी टेकत पुढे आली आणि काकूंचा दंड धरून तिने त्यांना पाटावर बसवलं. "बस गो," ती म्हणाली. "आमाला कुनी बसवलं न्हाय. तू बस."

काकू बसल्या. पदर डोक्यावरून घेतला. एक घास पडवळाचा घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, आता उठतायत की काय! पण त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"काय झालं काकू?"

"गरम हाय गं," त्या म्हणाल्या. "भाजी गरम हाय."

पस्तीस वर्षं त्या बाईने गावाला जेवू घातलं होतं. सणाची स्वतःच्या हातची भाजी गरम असताना कशी लागते, ते तिला त्या दिवशी कळलं. मी तोंड फिरवून पिशवीत उगाचच मशीन शोधायला लागले. शेठ तोवर पंचा खांद्यावर टाकून पंगतीत उतरले होते आणि वाढत होते. भाताचे डोंगर घालत होते लोकांच्या पानात. वाढायचा सराव नव्हता, दुसरं काय!

दोन तासांनी काकूंची साखर एकशे छप्पन आली. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

त्यानंतर मी माझा फॉर्म बदलला. नाव, वय, वजन यांच्या खाली एक नवा प्रश्न टाकला: 'घरात तुम्ही कितव्या पंगतीला जेवता?' निवृत्त होईपर्यंत तो तसाच ठेवला. पुरुष पेशंट त्याचं उत्तर एका सेकंदात द्यायचे. बायका आधी हसायच्या, मग विचार करायला लागायच्या. पहिल्यांदा तो फॉर्म मी घरी नेऊन आईकडून भरून घेतला. तीही आधी हसलीच.

महिन्याभराने हिराकाकू ओपीडीत आल्या, सोबत शेठ. काकूंचा रिपोर्ट चांगला होता. मी फॉर्म काढला.

"काकू, सध्या कितव्या पंगतीला?"

"पयल्या," त्या लाजून म्हणाल्या.

"आणि शेठ तुम्ही?"

"मी मागनं." शेठ खुर्चीत जरा सरकले आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "पन म्याडम, माज्यापरेंत भाजी उरतच न्हाय."

"मग काय जेवता?"

"भात. आनि असंल ते. गार."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मी पेन खाली ठेवलं.

"कसं लागतं, शेठ?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग बायकोकडे बघून म्हणाले, "कललं."

मी त्यांनाही साखर तपासायला पाठवलं. आणि काकूंच्या नव्या चार्टवर, भाज्यांच्या प्रमाणापुढे, पेनने लिहिलं: 'शेवटच्या पंगतीपर्यंत पुरेल एवढी.'