विहिणीच्या भावाकडून घेतलेला पखवाज

गिऱ्हाईक पायरी चढलं की ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात असा दुकानदार साऱ्या परभणीत एकच, आणि माझं नशीब बघा, तो आमच्या विहिणीचा सख्खा भाऊ. लेक त्यांना मामा म्हणते म्हणून मीही मामाच म्हणते. दुकान पखवाज-तबल्यांचं, पण दुकानात विकायचं असतं हे मामांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. रस्त्याकडं पाठ करून एका पोत्यावर चामड्याच्या वाद्या ओढत बसतात. फोन आला तर दुकानात बसूनच सांगतात, "दुकान बंद हाय." एक मास्तर शाळेसाठी तबला घ्यायला आले, तर त्यांचे हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाले, "आधी नखं काढून या." मास्तरांनी नखं काढली आणि थेट नांदेड गाठलं, असं ऐकते.

मला तीही सोय नव्हती. मी दुसऱ्या दुकानात गेले असते, तर लेकीला सासरी वर्षभर ऐकून घ्यावं लागलं असतं.

पेडगावला आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. पखवाज देवळातला, मागून आणलेला, पुरुषांच्या खालच्या सुराचा. त्याच्याबरोबर गायचं म्हणजे आम्हा दहाजणींचे आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे यायचे. लोक म्हणायचे, बायकांना जमत न्हाई. अशात पोखर्णीच्या नरसिंहापुढं पहिल्यांदाच आम्हाला शनिवारचं भजन मिळालं. म्हटलं, आता आपल्या गळ्याचा पखवाज घेऊनच जायचं. महिना हाताशी होता.

पहिल्या खेपेला मामांनी मानसुद्धा वर केली नाही. "वाजवणार कोण?"

"आमची शेवंता."

"मग तुमी कशाला आलाव?"

दुसऱ्या खेपेला शेवंताला कापसाची वेचणी बुडवून नेलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तो घुमत नाही. मामांनी परात सरकवली. "भिजवा." मीच पदर खोचून पुढं झाले, चाळीस वर्षं पोळ्या केल्यात. मामांनी चिमूटभर दाबून बघितली. "ही जेवायची कणीक हाय. पंगत बसायली का इथं?" शेवंता तोंडाला पदर लावून हसायली. तिची कणीक मात्र पसंत पडली. मला आलेला राग अजून गेलेला नाही.

पुढं "चार दिवसांनी या" ऐकत ऐकत शुक्रवार उजाडला. जाऊन बघते तर पखवाजाचं पान, म्हणजे मधे काळी शाई लावलेलं वाजवायचं चामडं, काढून बाजूला ठेवलेलं.

"मामा, उद्या भजन. एवढ्या खेपांत माणूस काशी करून येतो."

"मग तिकडंच जायचं की. दोनदा शाई चढवली, दोनदा खरवडली. सूर उतरलेला दिला असता, तर लोकांनी नावं तुमालाच ठेवली असती. मला न्हाई."

मी तणतणत पायरी उतरले.

शनिवारी नुसते टाळ घेऊन गेलो. कुणीतरी तिथला पखवाज पुढं केला. शेवंतानं हात जोडून नको म्हटलं. मी अभंग उचलला. खाली ओढणारं काही नव्हतंच, म्हणून आमचाच सूर लागला, लख्ख वरचा. खांबांना टेकून गप्पा मारणाऱ्या बाया उठून पुढं येऊन बसल्या.

मंगळवारी मामांचा निरोप आला, पखवाज न्या. शेवंतानं थाप मारली, तर हुबेहूब माझ्या गळ्याचा सूर. माझा आवाज त्यांनी कधी ऐकला म्हणाल, तर महिनाभर मी तिथं भांडतच होते की.

याला आता बरीच वर्षं झाली. परवा वाद्या सैल पडल्या म्हणून आम्ही दोघी परत गेलो. मामांच्या हातात आता पहिला जोर राहिलेला नाही. त्यांनी वादी ओढली, सोडली, पुन्हा ओढली, आणि मग शेवंताच्या हातात दिली. तिनं ओढून गाठ मारली. मामांनी बोटानं वाजवून बघितलं. मग म्हणाले, "बसा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आम्ही इकडंतिकडं बघायला लागलो. गिऱ्हाइकानं टेकावं असं त्या दुकानात कधी काही ठेवलेलंच नव्हतं. शेवटी मामाच आपल्या पोत्यावर थोडे बाजूला सरकले.