ती मास्तरीण होती

पडद्यावर माझी बायको आली. भिंतीएवढी मोठी. हसत होती. खाली मराठीत लिहिलं होतं, 'आमच्या तिथल्या स्वयंपाकाच्या मावशी.'

साठे माइकवर म्हणाले, "आफ्रिकेच्या कोपऱ्यात गरम भाकरी! नशीब लागतं राव!"

हॉल हसला. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मराठी मंडळानं चर्चकडून भाड्यानं घेतलेला हॉल. रविवारची दुपार. सगळी शिकलेली माणसं, गाड्यांच्या कारखान्यातले इंजिनीयर. मी तिसऱ्या रांगेत, मुलाच्या शेजारी. मुलगा पण हसला. आधी हसला, मग माझ्याकडं बघितलं, मग स्वतःचे बूट बघत बसला.

तिला जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते.

मी सातवी नापास. कराडकडच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं वेल्डिंग केलं. ती चौथी शिकलेली, घरी मशीनवर ब्लाऊज शिवायची. मी रिटायर झालो तेव्हा जुन्या मालकांच्या ट्रस्टनं विचारलं. टांझानियात शाळा काढलीय, पोरांना हातातलं काम शिकवायला माणूस पाहिजे, पगार नाही, राहणं-खाणं मिळेल. मी म्हणलं, नापास माणूस मास्तर कसा होणार? ती म्हणाली, "लोखंड काय दाखला मागतंय व्हय? चला."

गेलो. चार वर्षं राहिलो.

सकाळी पाणी भरायचं. मग पत्र्याच्या शेडात मी पोरांना गेट आणि खिडक्या जोडायला शिकवायचो. भाषा येत नव्हती. हात धरून शिकवलं. चुकलं की नुसतं "च्च" करायचो, तेवढं सगळ्यांना कळायचं. शेजारच्या खोलीत ती मुलींना शिवण शिकवायची. तीन मशिनी. कापड नाही. ट्रस्टकडं मागितलं, महिने गेले, आलं नाही. तिनं ट्रंक उघडली आणि स्वतःच्या साड्या कापल्या. एकेक करून सगळ्या. शेवटी हिरवी राहिली. अहेव गेले, तुमच्या आधी, तर हीच नेसवा म्हणून जपलेली. ती पण कापली. "मी काय एवढ्यात मरत नाही," म्हणाली. मग तिथल्या बायांसारखं रंगीत कापड कमरेला गुंडाळून वर्गात जायला लागली. फोटोत तेच आहे.

तिथं रीत आहे. लहानांनी मोठ्यांना भेटलं की म्हणायचं, शिकामू. म्हणजे तुमचे पाय धरतो. पहिल्यांदा आम्हाला अर्थ कळला तेव्हा ती मशीनवरनं उठली आणि बाहेर जाऊन रडली. "आपले? आपले पाय?" तिची आई पाटलाच्या दारावरनं चपला हातात घेऊन जायची. ही पण वाकून वाकूनच मोठी झालेली. त्या दिवसापासनं तिची मान सरळ झाली. मी डोळ्यांनी बघितलंय.

माझ्या मुलानं इथं ऑफिसात सांगितलं, आईबाबा आफ्रिकेत शिकवतात. साठे त्याचे वरिष्ठ, मंडळाचे अध्यक्ष. सुट्टीत बायको-मुलांना घेऊन आले, तीन आठवडे इंग्रजी शिकवायला. आल्या आल्या आडनाव विचारलं. सांगितलं. गाव विचारलं. सांगितलं. पुढचं विचारायची गरज त्यांना उरली नाही.

आपल्या भाषेची माणसं म्हणून तीन आठवडे तिनं भाकऱ्या थापल्या. वर्ग सुटल्यावर. साठेंचा मुलगा तापानं पडला तेव्हा त्याच्या चादरी धुतल्या. साठे तिच्या हातचं आवडीनं खायचे. विटाळ मानत नाहीत ते. फक्त जागा दाखवतात.

पुढच्या पावसाळ्यात ती तापानंच गेली. दवाखाना लांब, गाडी मिळाली नाही. नेसवायला साडी नव्हती. तिच्या वर्गातल्या मुली घरोघरी गेल्या, सरावाचे तुकडे गोळा केले, तिच्याच मशिनीवर जोडले आणि तिच्यावर पांघरले. मधोमध हिरवा तुकडा होता. मग मुलानं मला इथं आणलं.

तर त्या दिवशी हॉलमध्ये फोटो संपले आणि साठे पती-पत्नींचा सत्कार सुरू झाला. आफ्रिकेतल्या सेवेबद्दल. मंडळाच्या चिटणीस बाई माझ्याकडं आल्या. "काका, जरा शाल-नारळाचं ताट धरून उभे राहता का? ज्येष्ठ माणूस स्टेजवर बरं दिसतं."

मी ताट घेतलं. वर गेलो. छत्तीस वर्षांची सवय. साहेब म्हणाले धर, की धरायचं.

साठेंनी हात पुढं केला. मी ताट मागं घेतलं.

"ती माझी बायको होती," मी म्हणलं. "मास्तरीण होती. खालची ओळ पुसा."

साठे हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर, काका, नंतर बोलू ना आपण."

"आत्ता."

"अहो, प्रेमानं लिहिलंय हो. मावशींनी किती केलं आमचं! अन्नपूर्णाच त्या."

"अन्नपूर्णा नको. मास्तरीण लिहा. तुम्ही बघितलाय तिचा वर्ग."

साठेंनी माइक बंद केला. खालनं कुणीतरी म्हणालं, "काकांना पाणी द्या." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, विषय बदलायला. मी ताट जमिनीवर ठेवलं. नारळ गडगडत स्टेजखाली गेला. हॉलच्या दारापर्यंत कुणी माझ्या मागं आलं नाही. मुलगा पण नाही. तो गाडीपाशी आला, अर्ध्या तासानं.

"बाबा, मला इथंच नोकरी करायचीये. आई गेली. फोटोखाली काय लिहिलंय, तिला काय फरक पडणारे?"

मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. त्याच्या कॉलेजच्या फीसाठी, क्लाससाठी तिनं किती ब्लाऊज शिवले ते त्याला माहीत आहे. माहीत असून बोलला. म्हणून त्याच्या शेजारी बसलो नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळाचा निरोप आला. वाद नको म्हणून मंडळाच्या फोटोंतनं तो फोटो काढून टाकलाय. साठेंचे सगळे आहेत. म्हणजे आता ती स्वयंपाकीण नाही, मास्तरीण पण नाही. ती तिथं नव्हतीच.

घरात कुणी हा विषय काढत नाही. सून जेवण वाढते आणि आत जाते. तिकडची शाळा पण बंद पडली, मशिनी कुठं गेल्या कुणाला माहीत नाही. काही बदलणार नाही. एवढं कळायला सातवी पास व्हावं लागत नाही.

पण मंडळाचा कार्यक्रम दर वर्षी असतो. तिचा एक फोटो माझ्यापाशी आहे, खडूनं कापडावर माप आखतानाचा. तो घेऊन मी पहिल्या रांगेत उभा राहणार. बसा म्हणतील. बसणार नाही. ताट देतील. धरणार नाही. मुलगा म्हणालाय, गाडीनं सोडणार नाही.

चालत पाऊण तास लागतो. चालून बघितलंय मी.