ओच्यातला गुलाब

लग्न होऊन मी पंचवटीत आले तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची होते. साल चौतीस किंवा पस्तीस असेल. मामंजी यात्रेकरूंचे उपाध्ये. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, संकल्प सांगायचे, आणि आमच्या भागातली बहुतेक लग्नंही तेच लावायचे. हे मात्र देवळालीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडे कारकून होते. सायकलवरून यायचे आणि विहिरीवर अंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचे. मामंजींनी नोकरी करू दिली होती ती याच अटीवर.

एके दिवशी दिवेलागणीला मी पाणी काढायला गेले, तर यांनी इकडेतिकडे बघून पिशवीतून एक लाल गुलाब काढला आणि माझ्या हातात दिला.

"अहो, हे काय? कुणी बघेल!"

"आज त्यांचा सण आहे. व्हॅलेंटाइनचा. साहेबानं सकाळी मडमेला फुलं दिली, चित्राचं कार्ड दिलं. मला म्हणाला, तूही बायकोला एक फूल ने."

"कुणाचा सण?"

"होता एक साधू. त्याचं डोकं उडवलं म्हणतात."

म्हणजे पादरीच! आळीतल्या एका मास्तरांनी पादऱ्याकडे चहा घेतला, तर वर्षभर त्यांच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नव्हतं. त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. आणि आमच्या घरात पादऱ्यांच्या सणाचं फूल! ते विहिरीत टाकावं, तर सकाळी वर तरंगताना दिसेल. तेवढ्यात सासूबाईंनी पानं घ्यायला हाक मारली. मी फूल ओच्यात खोचलं आणि आत गेले.

चालताना काटा पोटाला टोचत होता. मामंजी पाटावर बसलेले, शेजारी हे मान खाली घालून. भात वाढला, वरण वाढलं. तूप वाढायला वाकले आणि ओचा सुटला. गुलाब थेट मामंजींच्या पानाशी पडला.

त्यांनी हात आवरला. सासूबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या.

"हे कुठलं?"

आता माहेरी पाठवतील, असंच वाटलं.

"मी आणलं," हे म्हणाले. "तिच्यासाठी. साहेबाच्या बागेतलं." आणि सणाचंही सांगून टाकलं. मला वाटलं, कशाला सांगितलंत!

"तिथं काही खाल्लंस?"

"नाही, बाबा. पाणीसुद्धा नाही."

मामंजींनी पाट जरा मागे सारला. ते आता पानावरून उठणार, या भीतीनं मी भिंतीला टेकले.

"त्या साधूला का मारलं?"

"राजानं शिपायांना लग्नाची बंदी केली होती म्हणे. लग्न झालेला माणूस लढायला कचरतो म्हणून. हा गुपचूप त्यांची लग्नं लावायचा. खरंखोटं देव जाणे."

"लग्नं लावली म्हणून मारलं?" मामंजींचा आवाज एकदम बदलला. "मुलगा-मुलगी राजी, विधी यथासांग, मग लावणाऱ्याचा काय गुन्हा?"

त्यांनी पुन्हा भात कालवला. चार घास खाल्ल्यावर म्हणाले, "उद्या गंगेवर स्नान कर आणि पंचगव्य घे. पुन्हा तिकडचं काही घरात आणायचं नाही. आणि सूनबाई, तूप राहिलंय."

नंतर आम्ही दोघी जेवायला बसलो. सासूबाईंचं लक्ष माझ्या लुगड्यावरच्या रक्ताच्या डागाकडे गेलं. त्यांनी उठून हळद आणली आणि मला लावायला दिली.

"काटे तरी काढून आणायचे त्यानं," एवढंच म्हणाल्या.

माझी भीती मात्र गेली नाही. पुढे महाशिवरात्रीला यात्रेकरूंची गर्दी झाली, दुसरे उपाध्ये घरी येऊ-जाऊ लागले. कुणी मामंजींना बाजूला घेऊन हळू बोलू लागलं की मी दाराआड थिजून उभी राहायची. आता आपल्यालाही वाळीत टाकणार, असं वाटायचं. पण बोलणं दक्षिणेचं नाहीतर मुहूर्ताचं निघायचं. मामंजींनी ती गोष्ट कुणापाशीच काढली नव्हती. मला हे पटायला आंब्याचे दिवस उजाडावे लागले.